उंबराखालची किळस

मी आयुष्यात पाहिलेला पहिला हळद्या वेफर्सचा होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र संपत आला होता. सकाळी साडेसहाला मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभा होतो, आणि समोरच्या उंबरावर, पानांच्या आत, पिवळाधमक आणि कडेला काळी रेघ असलेला एक पक्षी मला बसलेला दिसला. जरा हलला. परत स्थिर झाला. माझ्या अंगावर काटा आला. चहा तसाच ठेवून मी मोबाईलवर त्याचे सात फोटो काढले, त्यातल्या त्यात बरा निवडला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या आवारात हळद्या या देखण्या पक्ष्याचे आगमन झाले आहे. सर्वांनी शांतता राखून दर्शन घ्यावे.’ हिंजवडीच्या एका कंपनीत सूचना, परिपत्रकं लिहिणं हेच माझं काम असल्याने माझ्या वाक्यात ‘सर्वांनी’ आल्याशिवाय राहत नाही.

अर्ध्या तासात खाली पंधरावीस माणसं शांतता राखून उभी होती. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा दुर्बीण घेऊन आला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि दुर्बीण माझ्या बायकोकडे दिली. सुनीताने डोळ्याला लावली, स्क्रू फिरवला आणि शांतपणे म्हणाली, “अहो, तुमच्या पक्ष्यावर ‘एकावर एक मोफत’ लिहिलंय.”

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत मी वेफर्सकाका.

आज हे आठवायचं कारण म्हणजे उंबर पुन्हा पिकलाय. सकाळी दार उघडलं की आधी वास येतो. गोड, आंबूस, नासलेल्या ताडीसारखा. मग घोंघावणाऱ्या माश्या. मग चपलेखाली काहीतरी पचकन फुटल्याचा मऊ, ओला अनुभव. उंबराचं झाड म्हणजे काय ते लांबून नमस्कार करणाऱ्याला कळायचं नाही. बाकीची सभ्य झाडं फांदीच्या टोकाला, पानांच्या आडोशाला फळ धरतात. हा गडी थेट खोडावर फळं आणतो, घोसच्या घोस, अंगावर गळवं उठावीत तशी. पिकली की लाल होतात, खाली पडतात, फुटतात आणि फुटल्यावर आतून जे बाहेर पडतं त्याला पाय असतात, पंखही असतात.

मला किळस फार. हे आधीच कबूल करून टाकतो. हॉटेलात गेलो की मी ग्लासाची कड रुमालाने पुसतो. बसच्या दांड्याला कोपराने धरतो. घरचे म्हणतात की मी सॅनिटायझरने आंघोळ करायचाच काय तो बाकी आहे. अशा माणसाच्या नशिबी नांदे गावातल्या या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून पार्किंगची कोणती जागा यावी? उंबराखालची. तेव्हा मी खूश झालो होतो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतलेली पहिली गाडी, पांढरीशुभ्र, आणि तिला आयती सावली! लोक हेवा करत होते. मी मनात पेढे वाटत होतो.

मग त्याच वर्षीचा वैशाख लागला. रोज सकाळी गाडी बघितली की वाटायचं, रात्री कोणीतरी तिच्यावर राग काढून गेलंय. फुटकी उंबरं, त्यांचा वाळलेला चिकट रस, त्यात अडकलेले किडे आणि वरून पक्ष्यांची शिट. तीही उंबरं खाऊन टाकलेली, म्हणजे तांबूस आणि बियांनी भरलेली. चिंच खाल्ल्यासारखं तोंड करून मी रोज बादली घेऊन उतरायचो. पुसता पुसता मला उमासे यायचे. बाल्कनीतून सुनीता विचारायची, “कितवा महिना?”

शेवटी मी माझं शस्त्र उपसलं. अर्ज लिहिला. ‘सदर वृक्षामुळे आवारात अस्वच्छता, दुर्गंधी व कीटकांचा उपद्रव होत असून सर्वांनी…’ वगैरे. एवढा सुरेख अर्ज मी कंपनीसाठीही लिहिला नसेल. मग दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. लोकांनी भराभर दिल्या. कोणाला माश्या नको होत्या, कोणाला वास नको होता, एका वहिनींना तर उंबराखाली खेळणारी मुलं नको होती. चेअरमनसाहेबांनी अर्ज वाचून माझी पाठ थोपटली. “सर, काय लिहिता! झाडाने ऐकलं तर स्वतःच निघून जाईल.” पार्किंगवर आलेल्या सगळ्या फांद्या पावसाच्या आत साफ करायच्या असं ठरलं.

अडचण एकच आली. गावातला एकही माणूस तयार होईना.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे दगडूतात्या राहतात. आम्ही जिथे गाड्या लावतो तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. आता त्यांच्या चार खोल्यांत भाडेकरू आहेत आणि तात्या दिवसभर भिंतीवर हात टेकून आमची गंमत बघतात. मी त्यांनाच विचारायला गेलो, कोणी छाटणारा माहीत आहे का म्हणून.

“उंबराला?” तात्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आमच्या गावात ह्या झाडाला कुऱ्हाड लावणारा घावायचा न्हाई तुमाला. दत्ताची जागा हाय ती. जमीन इकताना म्या बिल्डरला बोललो हुतो, बाकीचं काय बी कर, उंबर ऱ्हाऊ दे.”

“तात्या, पण किडे किती! एक फळ असं नाही की ज्यात किडे नाहीत.”

“आवो सायेब, किडा हाय म्हून उंबर हाय. किडा आत शिरला न्हाई तर फळ पिकतंय व्हय? तसंच गळून जातंय.” मग म्हणाले, “तुमी काय ल्हानपणी उंबर खाल्लं न्हाई का?”

खाल्लं होतं. परभणीकडे आमच्या शाळेच्या मागे ओढा होता आणि ओढ्यावर उंबर. आमचे वडील त्याच शाळेत मास्तर. मधल्या सुट्टीत ते एक लालभडक उंबर निवडायचे, दोन बोटांनी अलगद उघडायचे आणि तळहातावर टप टप आपटायचे. किडे भुर्रकन उडून जायचे. राहिले त्यांना एक फुंकर. “जे गेले ते पाहुणे,” वडील म्हणायचे, “राहिले ते घरचे.” आणि आम्ही खायचो. गोड लागायचं, दाताखाली बिया कचकच वाजायच्या. त्या वेळी किळस हा शब्द आमच्या घरात अभ्यासापुरताच होता. तो मी नक्की कधी घरी आणला, मला सांगता येणार नाही. बहुधा फ्लॅटबरोबर आला असावा, फर्निचरसारखा.

हे सगळं तात्यांना सांगायचं सोडून मी म्हणालो, “बरं, बघतो दुसरीकडे.” आणि चेअरमनसाहेबांनी लांबून कुठून तरी माणूस ठरवला. तो दोन आठवड्यांनी रविवारी येणार होता.

त्याच आठवड्यात खरा हळद्या आला.

आधी ऐकू आला. बासरीच्या दोनतीन भोकांवरून कोणी बोट फिरवावं तशी ओली, गोल शीळ. पी-लो-लो. मी धावत बाल्कनीत गेलो आणि मोबाईल मात्र मुद्दाम आत ठेवून गेलो. नर होता. लग्नाच्या हळदीतून थेट उठून आल्यासारखा पिवळा, पंख काळे, डोळ्यातून काजळाची ओढ, चोच गुलाबी. एवढा देखणा जीव पाहिल्यावर माणसाने हात जोडावेत. तेवढ्यात त्याने तोंड उघडलं आणि दारात मांजराची शेपटी सापडावी तसा ओरडला. हाही त्याचाच आवाज. गाणाऱ्या घराण्यात असं चालतं. मैफलीतला गळा वेगळा आणि घरातला वेगळा.

मग त्याने उंबर खाल्लं. मीही इतकी वर्षं समजत होतो की रंगीत, गाणारा, फळं खाणारा पक्षी म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. प्रत्यक्षात तो लोंबकळून, मान तिरकी करून, फळाचा लचका तोडतो, रस छातीवर सांडतो, किड्यांसकट गिळतो आणि चोच फांदीला दोन्ही बाजूंनी पुसतो. रुमालाची सवय तेवढी माझ्यासारखी.

मादी नंतर दिसली. हिरवट, छातीवर बारीक रेघा, नवऱ्याच्या मानाने अगदी साधी. सुनीताने मला हाक मारली, “अहो, हळू या. तुमचा पोछा कोणीतरी उसवतंय.” मी पाहिलं तर बाल्कनीत वाळत घातलेल्या पोछ्याचा एक दोरा चोचीत धरून बाई मागे मागे जात खेचत होत्या. दोरा सुटला, ती उडाली आणि उंबराच्या एका लांब आडव्या फांदीच्या टोकाशी, जिथे दोन डहाळ्या फुटतात त्या बेचक्यात जाऊन विणायला बसली. पार्किंगच्या बरोबर वर. माझ्या गाडीच्या बरोबर वर. रविवारी जी फांदी पहिली उतरणार होती, ती.

हळद्याचं घरटं झोळीसारखं असतं. बेचक्याला दोन्ही बाजूंनी बांधलेलं, मधे लोंबणारं. सालीचे तंतू, गवत, कोळ्याची जाळी घेऊन तो ते गुंडाळतो, असं वाचलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची दुर्बीण मागून आणली आणि जे दिसलं त्याची मला उंबराच्या किड्यांपेक्षा जास्त किळस आली. सालीचे तंतू होते, नाही असं नाही. पण त्यांच्याबरोबर सिमेंटच्या गोणीचे पांढरे प्लास्टिकचे धागे होते, मंगल कार्यालयाच्या मागे पडलेली सोनेरी फीत होती, काळ्या पिशवीच्या चिंध्या होत्या, आमचा पोछा होता. आणि एका बाजूला, झोळीच्या काठावर वळसा घालून, पिवळी आणि चंदेरी एक पट्टी. माझ्या पहिल्या हळद्याची.

ती पट्टी पाहून मी दुर्बीण खाली ठेवली. नांद्यापासून पौडापर्यंतच्या रस्त्याने सोमवारी सकाळी जाऊन बघा. शनिवार-रविवार धरणाकडे मजा करून परतलेल्यांनी कडेला काय काय सोडलेलं असतं. पत्रावळी, बाटल्या, अर्धवट खाल्लेली कणसं, गुंडाळून फेकलेले बाळांचे डायपर. नाल्यात हॉटेलांचं तेल. कुत्र्यांनी फाडलेल्या पिशव्यांतून वारा जे उचलेल ते झाडाझाडावर. त्यातल्या कशावर अर्ज केला होता मी? कशावर सह्या गोळा केल्या होत्या? त्या घाणीला आतून पाय फुटत नाहीत, ती वळवळत नाही, म्हणून ती मला चालत होती. आणि ज्या पाखराच्या बापजाद्यांनी गवताखेरीज काही हातात घेतलं नव्हतं, त्याने आता पोरांना निजवायला ती उचलली होती.

मी ग्रुपवर लिहिलं. या वेळी नम्रपणे. ‘उंबराच्या फांदीवर हळद्याचे घरटे आहे. कृपया रविवारची छाटणी पुढे ढकलावी.’ खाली घरट्याचा फोटो. फोटोत सूर्य नेमका त्या चंदेरी पट्टीवर चमकत होता.

पहिलं उत्तर आलं, ‘काका, या वेळी कोणता फ्लेवर?’

मग पन्नासेक हसरे चेहरे. मी चेअरमनसाहेबांना फोन केला. ते सज्जन माणूस, पण वैतागलेले. “सर, अर्ज तुमचा, सह्या तुमच्या. माणूस ठरवून झाला. आता तुम्हीच म्हणता थांबा? आणि तो फोटो मी झूम करून बघितला, त्यावर बारकोड दिसतोय हो!”

बारकोड होताच.

शनिवारी संध्याकाळी जेवायला बसलो तर घास उतरेना. मादी दिवसभर झोळीत बसून होती, म्हणजे अंडी होती. सुनीता म्हणाली, “एवढं मुकाट बसण्यापेक्षा जाऊन सगळ्यांसमोर सांगा, की मी चुकलो.” मी म्हणालो, “हसतील.” ती म्हणाली, “ते कालपासून हसतायतच.”

रविवारी नऊ वाजता माणसं आली. दोघे दोर आणि कोयते घेऊन, तिसरा हुकूम सोडायला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, “ये गाड़ी हटाओ पहले. डाल सीधा इसी पे गिरेगा.”

आजूबाजूच्या सगळ्या गाड्या लोकांनी आदल्या रात्रीच हलवल्या होत्या. एकटी माझी पांढरी गाडी उंबराखाली उभी होती. देवाशपथ सांगतो, यात माझा काही डाव नव्हता. घासच उतरत नव्हता तर गाडी हलवायचं कुठून सुचणार? पण चेअरमनसाहेब म्हणाले, “सर, चावी,” आणि मी खिशात हात घातला. चावी हाताला लागली. वर झोळी हलत होती. मी हात तसाच खिशात ठेवला आणि म्हणालो,

“सापडत नाहीये.”

“दुसरी असेल ना?”

“दुसरी परभणीला.”

बाल्कनीतून सुनीताचा आवाज आला. “मी सगळं घर बघितलं हो! तांदळाचा डबासुद्धा!” तिने घरातली एकही गोष्ट बघितली नव्हती. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण माझ्यासाठी ती चारचौघांत खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

भिंतीपलीकडून तात्या खोकले. ते खोकणं नव्हतं, हसणं होतं.

माणसं तासभर थांबून गेली. जाताना हुकूम सोडणारा म्हणाला, बारिश के बाद देखेंगे. मी सुटलो असं मला वाटलं. खरं तर तिथून अडकलो. कारण हरवलेली चावी दुसऱ्या दिवशी सापडली असती तर चेअरमनसाहेबांनी तिसऱ्या दिवशी त्याला परत बोलावलं असतं. म्हणजे गाडी हलवायची नाही. आणि चावी हरवलेली गाडी हा रोज पुसतोय हे दिसलं तरी लोकांना संशय यायचा. म्हणजे पुसायचीही नाही.

महिनाभर मी लवळ्याच्या कॉलेजपोरांच्या मांडीला मांडी लावून रिक्षातून ऑफिसला गेलो. गाडीवर पहिल्या आठवड्यात रसाचा थर बसला, दुसऱ्यात त्यावर धूळ, तिसऱ्यात वळवाच्या सरीने त्या सगळ्याचा लगदा केला. मुंग्यांनी वायपरखाली वसाहत केली. चेअरमनसाहेबांच्या सूचना यायच्या, ‘सदर वाहन त्वरित हलवावे,’ आणि मला माझ्याच भाषेत शिव्या खाल्ल्यासारखं व्हायचं.

वर संसार चालू होता. त्याच झाडाच्या शेंड्याला कोतवाल पक्ष्याचं घरटं होतं, काळं, किडकिडीत, दुभंगल्या शेपटीचं पोलीस खातं. हळद्या म्हणे मुद्दाम कोतवालाच्या शेजारात घर करतो. कावळा आला की कोतवाल त्याला गावाबाहेर सोडून येतो, हळद्याला आयतं संरक्षण. मीही रोज गाडीजवळ जाऊन उभा राहायचो, म्हणून कोतवालाने मलाही कावळ्यांत धरलं. माझ्या टकलावर त्याने तीन वेळा चोच मारली. तात्या भिंतीवरून म्हणाले, “टोपी घाला सायेब. त्याला तुमचं डोस्कं पिकल्यालं उंबर वाटतंय.”

तीन पिल्लं निघाली. दुर्बिणीतून मी जे पाहिलं ते कॅलेंडरवाल्यांनी कधी पाहू नये. आई केसाळ सुरवंट आणायची, फांदीवर आपटून आपटून त्याचं आतलं सगळं बाहेर काढायची आणि लोंबतं कातडं पिल्लाच्या लाल घशात कोंबायची. पिल्लू वळायचं, ढुंगण वर करायचं, आणि पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी शी बाहेर यायची. बाप ती चोचीत अलगद धरायचा आणि, मी डोळे मिटायच्या आत, गिळून टाकायचा. तोच बाप, हळदीच्या रंगाचा. गिळून झालं की त्याच चोचीने शीळ घालायचा. पी-लो-लो.

मी तरीही बाल्कनीत बसून राहायचो. उठवत नव्हतं. त्या झोळीत, सिमेंटच्या गोणीत आणि वेफर्सच्या पाकिटात, घाण म्हणून जी काही होती ती फक्त आमची होती. त्यांची त्यांनी ठेवलीच नव्हती.

जूनच्या मध्याला एका भिजट सकाळी झोळी रिकामी दिसली. दोन मातकट पिवळी पिल्लं शेजारच्या फांदीवर एकमेकांना चिकटून बसली होती, तिसरं कुठे दिसेना. दुपारी तीही दोघं गेली. कोतवाल अजून ओरडत होता, सवयीने.

चावी लगेच सापडली.

त्या रविवारी मी बादली, साबण, ब्रश, फडकी, दोन जोड हातमोजे घेऊन खाली उतरलो. गाडी चालू होईना, बॅटरी कधीच गेली होती. पांढरा रंग शोधावा लागत होता. मी तोंडाला फडकं बांधलं आणि खरवडायला सुरुवात केली. काचेच्या खालच्या पन्हळीत, जिथे वायपर बसतो तिथे, पानं, शिट, माती यांचा काळा चिकट चिखल साचला होता. तो उचकटायला मी फडक्यात गुंडाळलेलं बोट घातलं आणि थांबलो. चिखलातून हिरवं काहीतरी वर आलं होतं. दोऱ्याएवढी दांडी, तिच्यावर टिकलीएवढी दोन पानं. मग शेजारी अजून एक. अजून एक. हळद्याने खाल्लेली, गिळलेली, माझ्या गाडीवर टाकलेली उंबरं. उगवली होती.

त्या घाणीचा वास अजून नाकात होता आणि मी हातमोजा घातलेल्या हातात फडकं धरून तसाच उभा राहिलो. पुसावं तरी कसं, आणि ठेवावं तरी कसं.

सुनीता मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिने वाकून ती दोन पानं पाहिली, माझ्या हातातलं फडकं पाहिलं आणि म्हणाली,

“असं कसं पुसता? आधी सह्या गोळा करा.”